निर्वासितांचा खर्च नेमका कोण उचलतं? शहराच्या तिजोरीचा हिशोब, सोप्या भाषेत

कोणाला देशात येऊ द्यायचं आणि कोणाला नाही हे जवळपास सगळीकडे केंद्र सरकार ठरवतं, पण आलेला माणूस राहतो कुठल्यातरी एका शहरात, त्याची पोरं जातात तिथल्याच शाळेत, आजारी पडला तर जातो तिथल्याच दवाखान्यात, आणि रात्री डोकं टेकायला जागा नसेल तर शेवटी दार ठोठावतो ते पण तिथल्याच पालिकेचं. निर्णय एकाचा आणि बिल दुसऱ्याला. बातम्यांमधे एकतर "शहराने निर्वासितांवर इतके कोटी उधळले" असं असतं नाहीतर "शहराने हात वर केले" असं असतं, मधला हिशोब कोणी उलगडून सांगत नाही, आणि तो कळल्याशिवाय या विषयावर मत बनवणं म्हणजे पासबुक न बघता घरखर्चावर भांडण्यासारखं आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की करू. सरकारी पैसा माणसाकडे बघून येत नाही, त्याच्या हातातल्या कागदाकडे बघून येतो. बाहेरून आलेली दोन कुटुंबं एकाच इमारतीत शेजारी शेजारी राहत असतील, दोघंही युद्धातून पळून आलेले असतील, तरी एकाला महिन्याचा भत्ता, दवाखान्याचं कार्ड, भाषेचा क्लास सगळं मिळतं आणि दुसऱ्याला काहीच नाही असं अगदी रोज घडतं. पहिलं कुटुंब निर्वासित म्हणून परदेशातच निवडून, तपासणी करून, सरकारनेच विमानात बसवून आणलेलं असतं. दुसरं स्वतःच्या पायाने सीमेवर पोचून आश्रय मागतं, त्याचा अर्ज पेंडिंग असतो, आणि अर्ज पेंडिंग असणं हीच सगळ्यात वाईट अवस्था असते कारण तोपर्यंत तो माणूस धड कुठल्याच रकान्यात बसत नाही. यापलीकडे नोकरीसाठी किंवा नातेवाईकांकडे आलेले, व्हिसा संपलेले, कागदच नसलेले असे सगळे असतात, ते केंद्राच्या मदतीच्या हिशोबात फारसे नसतातच, शहराच्या हिशोबात मात्र असतात, कारण त्यांनाही पाणी, शाळा, दवाखाना लागतोच.

अमेरिकेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे ही सगळी यंत्रणा कागदावर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९८० च्या रेफ्युजी अ‍ॅक्टने तिथली आजची व्यवस्था उभी राहिली. निर्वासित कुटुंब विमानतळावर उतरतं तेव्हा पुनर्वसन संस्थेचा माणूस घ्यायला येतो, भाड्याचं घर आधीच बघून ठेवलेलं असतं, त्यात गाद्या, भांडी, साबण सगळं ठेवायचं असतं, आणि नियमातच असं आहे की पोचल्या पोचल्या त्या कुटुंबाला त्यांच्या खाण्याच्या पद्धतीचं तयार जेवण मिळालं पाहिजे. मला हा नियम फार आवडतो, लांबचा प्रवास करून परक्या देशात उतरलेल्या माणसाला पहिल्या रात्री ओळखीच्या चवीचा घास मिळावा असं कोणीतरी सरकारी कागदात लिहून ठेवलंय. विमानाचं भाडं मात्र फुकट नसतं हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं, ते बिनव्याजी कर्ज असतं आणि ते कुटुंब नंतर हप्त्याहप्त्याने फेडतं.

या सुरुवातीच्या कामासाठी केंद्र सरकार संस्थेला डोई एक ठराविक रक्कम देतं, गेल्या काही वर्षांत ती दोन-अडीच हजार डॉलरच्या आसपास राहिलीय, त्यातला अर्ध्याहून थोडा जास्त भाग थेट त्या माणसावर खर्च करायचा आणि उरलेल्यात संस्थेने आपलं ऑफिस, गाडी, केस वर्करचा पगार भागवायचा. ही मदत असते पहिल्या ३० ते ९० दिवसांपुरती. त्यानंतर आरोग्य खात्याखालचं निर्वासित कार्यालय राज्यांमार्फत रोख भत्ता देतं, तो आधी ८ महिने मिळायचा, मग १२ महिने केला, आणि ५ मे २०२५ पासून नवीन येणाऱ्यांसाठी एकदम ४ महिन्यांवर आणला. आता विचार करा, चार महिन्यांत नवी भाषा, नोकरी, पोरांची शाळा, आणि पाचव्या महिन्यापासून पूर्ण घरभाडं स्वतःचं स्वतः. जे कुटुंब हे जमवू शकत नाही ते कुठे जातं? वॉशिंग्टनला तर जात नाही. ते शहराच्या बेघर निवाऱ्यात जातं, काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मदत केंद्रात जातं, चर्चच्या धान्य वाटपाच्या रांगेत उभं राहतं. वरती मदतीचे महिने कमी केले की आकडा वरच्या बजेटमधून गायब होतो पण गरज तिथेच असते, ती फक्त खालच्या बजेटमधे उतरते. त्यात जुलै २०२५ च्या मोठ्या केंद्रीय कायद्याने निर्वासितांना आधी मिळणारी धान्य खरेदीची मदतसुद्धा काढून घेतली, तेव्हा हा उताराचा वेग अजूनच वाढला.

डोई पैसे देण्याच्या पद्धतीत आणखी एक गोची आहे. माणसं आली तर पैसे, नाही आली तर शून्य. वर्षाला किती निर्वासित घ्यायचे ही मर्यादा राष्ट्राध्यक्ष ठरवतात, आणि ती २०१७ च्या आर्थिक वर्षात १,१०,००० होती, तीन वर्षांत १८,००० वर आली, नंतर परत १,२५,००० केली, २०२४ मधे प्रत्यक्षात एक लाखाच्या वर लोक आले, जानेवारी २०२५ मधे सगळा कार्यक्रमच थांबवला आणि २०२६ साठी मर्यादा ठेवली ७,५००. आकडा खाली गेला की गावोगावची पुनर्वसन ऑफिसं बंद होतात, तिथली पश्तो बोलणारी केस वर्कर, सोमाली बोलणारा ड्रायव्हर, पंधरा घरमालकांना नावानिशी ओळखणारी बाई, सगळे दुसरीकडे नोकरी धरतात, आणि मग आकडा परत वर गेला की सगळं पहिल्यापासून. बरं, तीन वर्षांपूर्वी आलेले लोक तर त्या गावात असतातच, त्यांचे प्रश्न काही नवीन माणसं यायची थांबली म्हणून संपत नाहीत.

आता दुसरं कुटुंब, आश्रय मागणारं. त्यांच्यासाठी विमानतळावर कोणी येत नाही. डोई ग्रँट नाही, भत्ता नाही, आणि मुख्य म्हणजे काम करायची परवानगी नाही. गेली अनेक वर्षं नियम असा राहिलाय की आश्रयाचा अर्ज दाखल केल्यावर १५० दिवसांनी वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो आणि परमिट मिळतं ते १८० दिवसांच्या आधी नाहीच. म्हणजे धडधाकट, काम करायला तयार असलेला माणूस, आजूबाजूला हॉटेलवाले, बांधकामवाले कामाला माणूस नाही म्हणून ओरडतायत, आणि हा कायद्याने सहा महिने रिकामा बसणार. त्या सहा महिन्यांचं खाणंपिणं आणि छप्पर कोणाच्यातरी अंगावर पडणारच, आणि ते पडतं शहराच्या.

न्यूयॉर्कमधे हे किती मोठं होऊ शकतं ते दिसलं. तिथे १९८१ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे बेघर माणसाला निवारा देणं शहराला बंधनकारक आहे. २०२२ च्या वसंतापासून दोन लाखांहून जास्त लोक शहराच्या निवारा व्यवस्थेत येऊन गेले, शहराने हॉटेलंच्या हॉटेलं भाड्याने घेतली, दोन आर्थिक वर्षांत मिळून ५०० कोटी डॉलरच्या वर खर्च झाला. एवढ्या पैशातला बराचसा भाग गेला तो खोल्यांच्या भाड्यात, सुरक्षारक्षकांत, घाईघाईत केलेल्या कंत्राटांत, आणि भाषा, कागदपत्रं, नोकरी या गोष्टींना तुलनेने फारच कमी राहिला. लोक चिडले, आणि चिडणं समजण्यासारखंही आहे, पण चिड निघाली ती आलेल्या माणसांवर. खरं तर एका रात्रीच्या खोलीचा दर काही त्या कुटुंबाने ठरवला नव्हता.

अमेरिकेतल्याच डेन्व्हर शहराची गोष्ट मला जास्त शिकण्यासारखी वाटते. २०२३ च्या शेवटी तिथे माणसांचा लोंढा एवढा वाढला की फेब्रुवारी २०२४ मधे महापौर माइक जॉन्स्टन यांनी शहराच्या करमणूक केंद्रांचे तास कमी केले, मोटार वाहन कार्यालयं आळीपाळीने बंद ठेवली, बागांमधली हंगामी फुलझाडं लावणंसुद्धा थांबवलं, या सगळ्यातून वाचणार होते साधारण ५० लाख डॉलर. नागरिकांना हे सरळ दिसलं, आपल्या पोराचा पोहण्याचा क्लास गेला. पण दोन महिन्यांनी त्याच शहराने पद्धत बदलली. हॉटेलातला निवारा आटोपता घ्यायचा, त्याऐवजी आश्रयाचा अर्ज भरून द्यायला मदत करायची, अर्जापासून सहा महिने एका साध्या अपार्टमेंटचं भाडं द्यायचं आणि त्या काळात इंग्रजी आणि नोकरीचं ट्रेनिंग द्यायचं. सहा महिनेच का, तर वर्क परमिटला तेवढे लागतात म्हणून. वर्षाचा अंदाज १८ कोटी डॉलरचा होता तो ९ कोटींवर आला. याला दुसरी बाजू पण आहे, ही सोय सगळ्यांना नव्हती, नंतर येणाऱ्यांना फक्त थोड्या दिवसांचा निवारा आणि पुढच्या शहराचं तिकीट मिळणार होतं. तरीपण एक गोष्ट स्पष्ट दिसते, नुसतं छप्पर दिलं तर खर्च कधी संपतच नाही, कागद आणि काम मिळवून दिलं तर त्याला शेवट असतो.

आता शहराच्या तिजोरीकडे वळू, कारण लोकांना वाटतं की पालिकेकडे अमर्याद पैसा आहे नाहीतर सगळा केंद्राकडूनच येतो. शहराची स्वतःची कमाई म्हणजे मुख्यतः मालमत्ता कर, काही ठिकाणी विक्री कर, परवाने, शुल्क, आणि मग राज्याकडून आणि केंद्राकडून येणारं अनुदान. केंद्र सरकार तूट ठेवू शकतं, कर्ज काढून वर्ष ढकलू शकतं, शहराला बहुतेक देशांत रोजच्या खर्चासाठी असं करता येत नाही, वर्षाअखेर जमाखर्चाची तोंडमिळवणी व्हावीच लागते. त्यामुळे अचानक हजारभर माणसं आली की शहराकडे दोनच रस्ते उरतात, दुसऱ्या कुठल्यातरी कामाला कात्री लावायची नाहीतर वरती हात पसरायचा.

वरून येणारा पैसा पण दोन जातींचा. एक दरवर्षी येणारा आणि दुसरा एकदाच येणारा. अमेरिकेत २०२१ च्या कोविड मदत कायद्यातून राज्यं आणि शहरांना ३५ हजार कोटी डॉलर मिळाले होते, तो पैसा बऱ्याच ठिकाणी स्थलांतरितांच्या निवाऱ्याला, कायदेशीर मदतीला वापरला गेला, पण तो ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत कशाला वापरायचा ते करारबद्ध करायचं होतं आणि २०२६ अखेर संपवायचा. म्हणजे एकवेळच्या पैशावर कायमची सेवा उभी केली. दुभाषा नेमला, वकील नेमला, लोकांना सवय झाली, आणि मग पैशाची तारीख संपली. याला इलाज एकच होता, सुरुवातीपासूनच थोडा थोडा खर्च शहराच्या नेहमीच्या बजेटमधे सरकवत न्यायचा, पण निवडणुका डोक्यावर असताना ते करायला कोण धजावतं.

याहून कमी बोललं जातं ते रिइम्बर्समेंटबद्दल, म्हणजे आधी स्वतः खर्च करून मग तो परत मागण्याबद्दल, आणि हे मी जरा जवळून दाखवतो कारण छोट्या संस्था इथेच मरतात. समजा पालिकेने एका स्थानिक संस्थेला वर्षाला दीड लाख डॉलरचं कंत्राट दिलं, भाषेचे क्लास आणि फॉर्म भरायला मदत करण्यासाठी. कंत्राटाची तारीख १ जुलै. पण कागदावर सह्या, कायदा विभागाची मंजुरी, नोंदणी या सगळ्याला महिने जातात, आणि तोपर्यंत संस्था थांबू शकत नाही कारण दारात माणसं उभी आहेत. म्हणून ती काम सुरू करते, पगार देते, जागेचं भाडं देते, सगळं पदरमोड करून. मग दर महिन्याला बिल, सोबत हजेरीपत्रक, पावत्या, प्रत्येक लाभार्थ्याची पात्रता. बिलात एक पावती कमी निघाली तर अख्खं बिल परत. पहिला चेक येतो तो कित्येकदा पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला. मोठ्या संस्थेकडे बँकेची उधारी मर्यादा असते, ती तग धरते. पण निर्वासितांनीच सुरू केलेली, दोन खोल्यांतली, तीन माणसांची संस्था, जिच्यावर लोकांचा सगळ्यात जास्त विश्वास असतो आणि जिथली बाई रात्री अकराला पण फोन उचलते, ती टिकत नाही. न्यूयॉर्क शहरात सामाजिक सेवांची बहुतेक कंत्राटं सुरुवातीची तारीख उलटल्यावरच नोंदवली जातात हे शहराच्याच हिशोब तपासणाऱ्या कार्यालयाने वारंवार दाखवून दिलंय. वरातीमागून घोडं येतं आणि वरात तोपर्यंत पांगलेली असते.

शहरालाही हाच अनुभव केंद्राकडून येतो. स्थलांतरितांच्या निवाऱ्यासाठी आपत्ती व्यवस्थापन खात्यामार्फत एक केंद्रीय योजना होती, २०२४ मधे तिच्यात ६४ कोटी डॉलरच्या आसपास होते, आणि ती पण मुख्यतः आधी खर्च करा मग मागा अशीच. फेब्रुवारी २०२५ मधे तर न्यूयॉर्क शहराच्या बँक खात्यात जमा झालेले ८ कोटी डॉलर केंद्राने परत काढून घेतले आणि शहराला कोर्टात जावं लागलं. खात्यात आलेला पैसा पण आपलाच आहे याची खात्री नसेल तर कुठला हिशोबनीस पुढच्या वर्षाची योजना आखेल?

पैसा नेमका जातो कशावर, हेही बघू. निवारा आणि शाळा हे मोठे आकडे, शाळेचा तर प्रश्नच नाही, अमेरिकेत १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो खटल्यापासून कागद नसलेल्या मुलालाही शाळा नाकारता येत नाही. पण मला दोन छोट्या आकड्यांबद्दल बोलायचंय.

एक म्हणजे दुभाषा. फोनवरून दुभाषा घेतला तर मिनिटाच्या हिशोबाने बिल लागतं, आणि बजेट कमी झालं की पहिली काटछाट तिथे होते, कारण बजेटच्या तक्त्यात ते ऐषआराम वाटतं. मग काय होतं, अकरा वर्षांची मुलगी आईसोबत दवाखान्यात जाते आणि डॉक्टरचं बोलणं आईला समजावते. आईच्या गर्भाशयात गाठ आहे हे त्या मुलीने आपल्या तोंडाने आईला सांगायचं. गोळी दिवसातून एकदा की तीनदा हे तिला नीट कळलं नाही तर पुढे जे होईल त्याचा खर्च दुभाष्याच्या बिलाच्या कितीतरी पट असतो, आणि तो त्याच काउंटीच्या इमर्जन्सी विभागात होतो. वाचवलेला पैसा वाचलेला नसतोच, तो दुसऱ्या खात्याच्या नावावर चढतो.

दुसरा म्हणजे वकील. अमेरिकेत इमिग्रेशन कोर्ट हे फौजदारी कोर्ट नाही, त्यामुळे परवडत नसेल तर सरकार वकील देईल हा हक्क तिथे लागू होत नाही, माणूस कोठडीत असला तरी नाही, समोर सरकारचा वकील उभा असला तरी नाही. २०१३ मधे न्यूयॉर्कच्या नगर परिषदेने ५ लाख डॉलर बाजूला काढून कोठडीतल्या स्थलांतरितांना वकील देण्याचा पहिला प्रयोग केला, देशात असं करणारं ते पहिलं शहर, आणि नंतर बऱ्याच शहरांनी आणि राज्यांनी हे उचललं. शहराने हे का करावं? कारण घरातला कमावता माणूस हद्दपार झाला तर मागे राहिलेलं कुटुंब त्याच शहरात राहतं, भाडं थकतं, मुलं शाळेत मागे पडतात. माझ्या मते शहराच्या पैशाचा यापेक्षा चांगला वापर फार थोडा आहे.

आता जरा अमेरिकेबाहेर. जर्मनीत माणसं वाटण्याचं एक सूत्र आहे, क्योनिगस्टाइन सूत्र म्हणतात त्याला, कोणत्या राज्याने किती आश्रयार्थी घ्यायचे हे दोन तृतीयांश त्या राज्याच्या करवसुलीवर आणि एक तृतीयांश लोकसंख्येवर ठरतं. म्हणजे एकाच शहरावर सगळा भार पडत नाही. पण माणसं वाटली म्हणून पैसे वाटले गेले असं नाही, त्यावर वर्षानुवर्षं केंद्र, राज्यं आणि नगरपालिका यांची ओढाताण चालू होती, शेवटी नोव्हेंबर २०२३ मधे रात्री उशिरापर्यंत बैठक चालून ठरलं की २०२४ पासून केंद्र प्रत्येक नवीन आश्रय अर्जदारामागे वर्षाला ७,५०० युरो देईल. याचा फायदा असा की माणसं वाढली की पैसा आपोआप वाढतो, दरवेळी भीक मागायला नको. पण तो पैसा जातो राज्याकडे, तिथून गावापर्यंत किती पोचतो हे त्या त्या राज्यावर.

जर्मनीचंच आणखी एक उदाहरण सांगतो, हे समजलं की अख्खा विषय समजतो. युक्रेनमधून २०२२ मधे दहा लाखांहून जास्त लोक आले. सुरुवातीला त्यांना आश्रयार्थींच्या कायद्याखाली मदत मिळत होती, तो खर्च राज्यांकडे आणि पालिकांकडे. १ जून २०२२ पासून त्यांना सरळ बेरोजगारांच्या नेहमीच्या योजनेत घेतलं, आणि भत्त्याचा खर्च केंद्राकडे गेला, घरभाड्याचाही मोठा हिस्सा केंद्राकडे. माणसं तीच, घरं तीच, फक्त कायद्याचं कलम बदललं आणि पालिकांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. शिवाय त्यांना लगेच काम करायची मुभा होती आणि रोजगार केंद्राशी थेट संबंध आला. नंतर २०२५ मधे एकत्र सरकार बनवणाऱ्या पक्षांच्या आघाडी करारात ठरलं की १ एप्रिल २०२५ नंतर आलेल्यांना परत आधीच्या कायद्याखाली टाकायचं. म्हणजे "निर्वासितांवर किती खर्च होतो" या प्रश्नाला उत्तर देताना आधी विचारावं लागतं की कोणत्या खात्यात मोजताय.

ब्रिटनमधेही डोई दर चालतो. युक्रेनच्या लोकांना घरी ठेवून घेण्याच्या योजनेत स्थानिक कौन्सिलला, म्हणजे तिथल्या पालिकेला, पहिल्या वर्षासाठी माणशी १०,५०० पौंड मिळायचे, २०२३ च्या सुरुवातीपासून येणाऱ्यांसाठी ते ५,९०० केले, तर अफगाण पुनर्वसन योजनेत तीन वर्षांत मिळून माणशी २०,५२० पौंड. तिन्ही दर वेगवेगळे, माणसाची गरज मात्र दराप्रमाणे कमीजास्त होत नाही. आणि जे कुटुंब कागदावर सरकारी मदतीला पात्रच नाही, पण घरात लहान मुलं आहेत, त्यांचं काय? १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या कलम १७ नुसार गरजू मुलाची जबाबदारी कौन्सिलची असते, त्यामुळे कौन्सिल त्या कुटुंबाला राहायला जागा आणि जेवणापुरते पैसे देतं, आणि त्याची भरपाई केंद्राकडून मिळत नाही. इमिग्रेशनचा नियम केंद्राने केला, मुलांचा कायदाही संसदेनेच केला, दोन्हीच्या मधल्या फटीत पडलेल्या पोरांचा खर्च मात्र कौन्सिलच्या स्थानिक पैशातून.

कॅनडातल्या टोरोंटोमधे २०२३ च्या उन्हाळ्यात हीच टोलवाटोलवी रस्त्यावर दिसली, शहर म्हणालं आश्रयार्थी ही केंद्राची जबाबदारी, केंद्र म्हणालं निवारा हे शहराचं काम, आणि लोक मात्र निवारा केंद्राबाहेर फुटपाथवर झोपले. जुलैमधे केंद्राने तात्पुरत्या घरांच्या योजनेत २१ कोटी २० लाख कॅनेडियन डॉलरची भर टाकली, त्यातले ९ कोटी ७० लाख टोरोंटोला. पैसा होता, फक्त तो कोणी द्यायचा हे ठरेपर्यंत माणसं पावसात होती.

तुर्कस्तानची अडचण आणखी मुळातली आहे. तिथे केंद्राकडून नगरपालिकांना करातला जो वाटा मिळतो तो नोंदणीकृत लोकसंख्येवर, आणि तात्पुरत्या संरक्षणाखालचे सीरियन त्या आकड्यात धरले जात नाहीत. सीमेजवळच्या किलिस शहरात एकेकाळी स्थानिकांच्या जवळपास बरोबरीने सीरियन राहत होते. कचरा दुप्पट, पाणी दुप्पट, बस दुप्पट भरलेली, आणि निधी मात्र जुन्याच लोकसंख्येचा. आणि जगातले ७३ टक्के निर्वासित कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतच आहेत, २०२४ अखेरचा हा आकडा आहे, तेव्हा किलिससारखी शहरं न्यूयॉर्कपेक्षा जास्त नेहमीची आहेत.

मग शेवटी हा सगळा पैसा वाया जातो का? इथे दोन आकडे शेजारी ठेवून बघा, दोन्ही अमेरिकी काँग्रेसच्या बजेट कार्यालयाचे. २०२१ नंतर जी स्थलांतरितांची लाट आली तिच्यामुळे २०२४ ते २०३४ या काळात केंद्राची तूट जवळपास ९० हजार कोटी डॉलरने कमी होईल असा त्यांचा अंदाज होता, कारण माणसं काम करतात, कर भरतात. आणि त्याच लाटेमुळे २०२३ या एका वर्षात राज्यं आणि स्थानिक सरकारांचा थेट खर्च १,९३० कोटी डॉलर झाला, थेट उत्पन्न १,०१० कोटी, म्हणजे ९२० कोटींचा खड्डा. माणसं तीच आहेत. वरच्या तिजोरीत भर पडतेय आणि खालच्या तिजोरीत खड्डा. दीर्घ मुदतीत खालचंही चित्र बदलतं, अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या २०२४ च्या अभ्यासात २००५ ते २०१९ या १५ वर्षांत निर्वासित आणि आश्रय मिळालेल्यांनी सगळं वजा जाता १२,३८० कोटी डॉलरची भर टाकली असं निघालं, त्यातले ९,२३० कोटी तर राज्य आणि स्थानिक सरकारांकडेच. पण ती १५ वर्षांची बेरीज आहे आणि शहराचं बजेट १२ महिन्यांचं असतं. पहिल्या दोन वर्षांचा खर्च करायला पैसे नाहीत म्हणून पुढच्या तेरा वर्षांचा फायदा हातचा जातो, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

म्हणून जे लोक याबद्दल खरंच काही करू बघतात त्यांची मागणी फार साधी असते. माणूस जिथे राहायला जाईल तिथे त्याच्यामागे पैसा जावा, दोन-तीन वर्षांची हमी असावी, निदान चौथा हिस्सा आगाऊ मिळावा, आणि काम करायची परवानगी लवकर द्यावी, ज्याला सरकारला फारसा पैसाही लागत नाही.

तुम्ही जिथे राहता तिथल्या शहराचं बजेट नेटवर टाकलेलं असतं, ते उघडून बघा. "स्थलांतरित" असं नाव असलेलं खातं सापडलं तरी तिथे थांबू नका, तिथे बहुतेकदा दोन-चार लोकांचा पगार असतो. खरा खर्च गृहनिर्माण, आरोग्य, ग्रंथालय आणि शाळा यांच्या पोटात असतो. दुभाषा सेवेची ओळ शोधा, गेल्या वर्षी किती होती आणि यंदा किती आहे ते बघा, कायदेशीर मदतीची ओळ शोधा, आणि त्यापुढे पैशाचा स्रोत काय लिहिलाय ते वाचा. तिथे "एकवेळचं अनुदान" असं असेल तर ते कोणत्या महिन्यात संपतं आणि नंतर कोण भरणार हे नगरसेवकांना लेखी विचारा, आणि ते बजेटच्या सुनावण्या चालू असतानाच विचारा, कारण मंजुरी झाल्यावर बदल करायला बहुतेकदा वर्षभर थांबावं लागतं.